दहा नंबरची हजेरी

३ मार्च १९९७

साक्षरता वर्गाची बाई म्हणाली, रोज पाच ओळी लिहा, खरं लिहा, कुणी वाचणार नाही. मी शाळेत दोन वर्षं गेले. तिसऱ्या वर्षी आईने पाठीवर धाकटा भाऊ बांधला आणि शाळा संपली. आता चौपन्नाव्या वर्षी म्हणे पाच ओळी. रोज काय लिहायचं? तोच भात, तीच भांडी. काही घडलं तरच लिहीन.

आज घडलं. तालुका कचेरीतला प्यो आला होता. नवा कारकून आहे, बूट चकचकीत. म्हणाला, या खोऱ्यातल्या एका गावाला म्हाताऱ्यांच्या त्या हातोडा-चेंडूच्या खेळाचं, गेटबॉलचं मैदान मिळणार. एकाच गावाला. महिनाअखेर ज्याचे कागद पुरे, त्याचं मैदान. एक, गावाच्या मालकीची सपाट जागा. दोन, ती जागा सध्या कुणी वापरत असेल तर त्याची संमती. तीन, साठीच्या वरचे दहा खेळाडू, नावानिशी, शिक्क्यानिशी.

"दहाच का?" मी विचारलं.

"चेंडू दहा असतात, काकू. पाच लाल, पाच पांढरे. नवव्यानंतर दहावा चेंडू कोण मारणार, मी?"

गावप्रमुख माझा नवरा आहे. पण कागद मी बघते, ते भोंग्यावरून वाचून दाखवतात. महिला मंडळाची अध्यक्षही मीच. ते म्हणाले, "बघू." मी म्हटलं, बघू नाही, करू. बसथांबा ओढ्यापलीकडच्या गावाला, भाताची गिरणी त्यांना, सार्वजनिक न्हाणीघर त्यांना. कानामागून आले आणि तिखट झाले. आमच्या वाट्याला काय, त्यांच्या गिरणीचा कोंडा?

शिवाय आमचे म्हातारे सगळा हिवाळा सभागृहाच्या गरम फरशीवर लोळतात, पत्ते कुटतात आणि सुनांच्या नावाने बोटं मोडतात. बाहेर निघाले तर सुना दोन घास सुखाने खातील.

७ मार्च

डोंगरात सपाट जागा असते कुठे? आहे ती एकच, सभागृहाच्या मागची. तिथे गामगोलवाली म्हातारीचा मळा आहे. माहेर गामगोलचं म्हणून गामगोलवाली. नाव कुणाच्या तोंडी नाही. नवरा युद्धात गेला, मूलबाळ नाही, वय चौऱ्याहत्तर. सव्वीस वर्षं तो तुकडा कसतेय. केन्निपची पानं लावते आणि बाजारच्या दिवशी जुड्या बांधून विकते. मांस गुंडाळून खायला तिच्याच जुड्या लोक शोधत येतात, एवढं खरं.

पण जमीन गावाची. हे मी सतरा वेळा लिहू शकते. जमीन गावाची.

मी गेले तर ती उकिडवी बसून खुरपत होती.

"आजी, इथे खेळाचं मैदान करायचंय."

"खेळणार कोण?"

"म्हातारी माणसं."

"मग मी म्हातारीच आहे. खेळतेच आहे की." खुरपं काही थांबेना.

"चेष्टा नको. वर टेकडीवर तुकडा देते काढून."

"पाणी तू नेणार का डोक्यावर?"

मी टेकडीकडे बघितलं. तेव्हा तिने मान वर केली. "मी मेल्यावर घ्या ना. फार दिवस राहिले नाहीत. एवढी खेळायची घाई कुणाला आलीय?"

घाई! कागदाला तारीख असते, म्हातारीला नसते.

२८ मार्च

तारीख तीन दिवसांत संपते. पलीकडच्या गावाचा प्रमुख मा, त्याचे कागद पुरे झाले म्हणे. प्योनेच फोनवर सांगितलं, आणि सांगताना हसला. आमचे खेळाडू नऊच. बाकीच्यांना उठून उभं राहायला दोन माणसं लागतात. संमतीचा कागद तर कोराच.

गावातल्या सगळ्यांचे नाव कोरलेले, सहीऐवजी मारायचे शिक्के आमच्या घरी असतात. बिस्किटांच्या डब्यात. खत आलं, बियाणं आलं, की शिक्का लागतो. दर वेळी कोण घरोघर धावणार? आधीच्या प्रमुखाने ज्यांचे नव्हते त्यांचे लाकडी शिक्के बाजारातून एकदमच कोरून आणले होते. गामगोलवालीचाही त्यातच आहे, कडेला चीर गेलेला.

मी दोन ठिकाणी मारला. संमतीवर आणि खेळाडूंच्या यादीत, दहा नंबरला. पहिल्यांदा उलटा उठला, मग शेजारी सरळ मारला.

हे दारात उभे होते. "तिला विचारलंस?"

"खताच्या वेळी विचारता का?"

"खत वेगळं."

"शाई तीच," मी म्हटलं.

ते बाहेर गेले आणि ट्रॅक्टर पुसत बसले. पुसलेलाच होता. माझ्या अंगठ्याला लाल शाई लागलीय, राखेने घासली तरी जात नाही.

१० एप्रिल

मैदान आमचं! भोंग्यावर ह्यांना आधी घसा खाकरायला लागला, मग मीच ओरडून सांगितलं. पलीकडे त्या मा प्रमुखापर्यंत ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

२१ एप्रिल

खोदयंत्र आलं. गामगोलवालीला मी कालच सांगितलं होतं. तरी सकाळी मळ्यात मधोमध बसलेली. केन्निपची रोपं बोटाएवढी झाली होती.

प्यो खाली वाकला. "आजी, तुमची संमती आहे. हा बघा तुमचा शिक्का."

तिने कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ. वाचता येत नाही तिला. "हा माझा?"

"तुमचाच."

मग ती माझ्याकडे वळली. "योंगताकच्या आई, माझा शिक्का तर तुझ्या घरी असतो."

प्यो ढगांकडे बघायला लागला. सगळे म्हातारे उभे होते, नऊच्या नऊ. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्हीच मार म्हणालात, आजी. विसरलात."

म्हाताऱ्यांनी यंत्राकडे तोंडं फिरवली. मैदान सगळ्यांना हवं होतं.

"म्हटलं असेन," ती म्हणाली. "म्हातारीच मी. विसरत असेन."

परकराच्या ओच्यात पाच-सहा रोपं मुळासकट घेतली आणि उठली. यंत्राला वीस मिनिटं लागली. एवढी काळी माती गावात कुणाकडे नव्हती. ती मी माझ्या मिरचीच्या वाफ्यात टाकून घेतली. प्यो नाहीतर ओढ्यात ढकलणार होता. वाया का घालवायची?

३ जून

आज कचेरीचे मोठे साहेब मैदान बघायला आले. दहा जण खेळताना दिसायला हवेत. नऊ तयार, टोप्या घालून. दहावीला मी हाताला धरून आणलं, तिच्या अंगात दहा नंबरचं जाकीट चढवलं आणि पांढरा चेंडू पायाशी ठेवला.

"काय करायचं?"

"त्या कमानीतून पलीकडे मारायचा. गेला तर खेळात, नाहीतर बाहेर."

आमच्यातल्या एकाचाही पहिल्या फटक्यात गेला नव्हता. हे तीनदा हुकून मग आत आले होते. हे एक नंबर आहेत, बासष्टाव्या वर्षी हातोडा असा धरतात जणू साप मारायचाय. ती वाकली. खुरपायला वाकते तशीच. टक्. कमानीच्या मधोमध.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

या खेळात एक प्रकार आहे. आपला चेंडू दुसऱ्याच्या चेंडूला लागला की दोन्ही चिकटवून धरायचे, आपल्या चेंडूवर पाय द्यायचा आणि हातोडा हाणायचा. आपला जागच्या जागी राहतो, दुसऱ्याचा उडून रेषेबाहेर जातो. हे तिला एकदाच सांगितलं. तिने ह्यांचा चेंडू गाठला, पाय ठेवला आणि असा हाणला की सभागृहाच्या भिंतीला लागला.

"एक नंबर बाहेर!" प्यो ओरडला.

हे चक्क हसले. "बरोबर केलंत, काकी."

काय बरोबर? साहेबांसमोर गावप्रमुखाचा चेंडू बाहेर जातो आणि म्हणे बरोबर.

१६ ऑक्टोबर

तालुक्याच्या सामन्यांत आम्ही दुसरे आलो. पलीकडच्या गावाला मैदानच नाही, ते बघायला आले होते. सगळं त्या दहा नंबरने केलं. मी सगळ्यांना सांगितलं, तिला खेळात मी आणली. खरंच आहे ते.

एक मात्र आहे. ती बोलत नाही. येते, मारते, जाते. रोज सकाळी मैदानाच्या रेषेबाहेर, जिथे तिच्या मळ्याचा बांध होता तिथे, उकिडवी बसलेली असते. मी म्हटलं, बसायला बाकडं आहे. ती म्हणाली, "सवय आहे."

गेल्या महिन्यात मैदानावर माझी मिरची वाळत होती. कोरडी सपाट जागा, ऊन चांगलं, सामना नव्हता. काय बिघडलं? तिने दाराच्या कुंडीतल्या रोपांचं मूठभर बी आणलं, कोपऱ्यात वाळवू का म्हणाली. मी नाही म्हटलं. एकीला दिलं की सगळ्या येतात.

आजकाल माझ्या हाताला केन्निपचा वास येतो. तिखट, ओला वास. मी घरात आणलेलंच नाही. साबण बदलायला हवा.

२० नोव्हेंबर

घात! पलीकडच्या मा प्रमुखाने गावाच्या अंगमेहनतीने मैदान केलंय. आणि गामगोलवालीला सांगितलंय, आमच्याकडून खेळ, कोठाराच्या मागे ओढ्याकाठचा तुकडा देतो, खोली देतो. पुढच्या वर्षी मैदानावर छप्पर आणि शौचालय येणार. तेही एकाच गावाला, ज्याची दहाची यादी शाबूत त्याला.

ती दुपारी आली. आम्ही जेवत होतो. पायरीवरच उभी राहिली.

"माझा शिक्का दे."

"कशाला?"

"पलीकडे नाव घालायचंय."

"आजी, गाव सोडून चाललात? इतक्या वर्षांनी?"

"गाव कुठे सोडतेय? गाव ठेवून घ्या. शिक्का तेवढा दे."

मी म्हटलं, "डब्यात नाही तो. हरवला वाटतं. तसाही चिरलेला होता."

डबा माझ्या पाठीमागे फळीवर होता. तिला दिसत होता. ह्यांनी सूपाचा वाडगा तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

"हरवला तर हरवला," ती म्हणाली. "परवाच्या बाजारी नवा कोरून घेते. त्याच्यावर नाव चुकलंय असं वर्गातली तुमची बाई यादी बघून सांगत होती." आणि ह्यांना म्हणाली, "ट्रॅक्टरवर घ्याल ना मला?"

हे म्हणाले, "घेतो, काकी."

मला विचारलं कुणी?

२२ नोव्हेंबर

आज बाजार होता. सकाळी धुकं पडलं म्हणून हे म्हणाले, पुढच्या बाजारी जाऊ. बरंच झालं. ती दाराशी येऊन परत गेली.

२७ नोव्हेंबर

बाजार. हिवाळ्याच्या किमचीचा मोसम, सगळ्यांचे कोबी एकदम. मी पहाटेच ट्रॅक्टरच्या गाडीत आमचे कोबी रचले. काठोकाठ. ती गाठोडं घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "आजी, जागा नाही. कोबी बसतील, तुम्ही नाही."

हे म्हणाले, "चार कोबी काढू खाली."

"काढा आणि तुम्हीच डोक्यावर घ्या," मी म्हटलं.

ती म्हणाली, "भांडू नका. मी पायी जाईन. ओढ्यातल्या दगडांवरून जवळ पडतं."

दगडांवर दहिवर गोठलेलं होतं. मी सांगितलं होतं जपून जा म्हणून. नाही, मनात म्हटलं होतं. ऐकू गेलं नसेल.

२८ नोव्हेंबर

सापडली. ओढ्यात, आपल्या काठाकडून चौथ्या दगडाखाली. पाणी गुडघाभरसुद्धा नाही तिथे.

३० नोव्हेंबर

आम्ही चौघींनी तिला आंघोळ घातली. उजवी मूठ उघडेना. गरम पाण्याचं फडकं ठेवून ठेवून मी बोटं सोडवली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नवा शिक्का. म्हणजे बाजारात पोचली होती. शाईसुद्धा लागलेली नव्हती.

मी अक्षर अक्षर लावून वाचलं. चोई कोत्सून.

घरी आल्यावर डब्यातला चिरलेला काढला. चोई कुत्सून.

मुली फार झाल्या की शेवटच्या पोरीचं नाव कुत्सून ठेवतात. म्हणजे पुरे आता, ही अखेरची, आता मुलगा होऊ दे. माझ्या आतेचं होतं. कोत्सून म्हणजे फूल. तिच्या ओळखपत्रावर फूलच आहे, आम्ही कुणी कधी बघितलंच नाही. जुन्या प्रमुखाने चुकीचं ऐकलं असेल, नाहीतर कारागिराने. इतकी वर्षं खत अखेरचीने उचललं, संमती अखेरचीने दिली, चेंडू फुलाने मारला.

बायका निघाल्यावर मी नवा शिक्का तिच्या मुठीत परत ठेवायला हवा होता. विसरले. ड्रॉवरमध्ये आहे.

४ डिसेंबर

प्योचा फोन. "काकू, मृत्यूची नोंद आलीय. चोई कोत्सून, वय चौऱ्याहत्तर. तुमच्या खेळाडूंच्या यादीतली ना?"

"यादीत काय लिहिलंय?"

कागद चाळल्याचा आवाज. "चोई कुत्सून."

"मग? मेली ती कोत्सून."

त्याने दोन्ही नावं पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "एकच बाई असेल तर नाव कमी करायचा नवा फॉर्म लागतो. साहेबांची सही. परत सगळी पाहणी."

"दोन बायका आहेत," मी म्हटलं. "कागदावर वाच."

"कागदावर दोनच दिसतात," तो म्हणाला. आणि थंडी फार पडलीय म्हणाला.

वर्गाची बाई म्हणते खोटं लिहू नका. मी एक अक्षर खोटं बोलले नाही.

३१ जानेवारी १९९८

कचेरीला पाठवायचा महिन्याचा हजेरीपट भरला. नऊ जणांचे खाडे आहेत. थंडी, गुडघे, सर्दी. दहा नंबरचा एकही खाडा नाही, तिथे मी चिरलेला शिक्का रोजच्या रोज मारून टाकला. सुरुवातीला एखादा खाडा ठेवावा म्हटलं, खरं दिसेल. पण खाडा टाकायला हात होईना. ती कधी चुकवायची नाही.

ह्यांनी केन्निप खाणं सोडलंय. बाजारचं आणलं तरी ताटाच्या कडेला सारतात. विचारलं तर म्हणतात, "पानात रेती लागते." तीनदा धुतलंय मी.

१८ एप्रिल

मैदानात रेतीतून केन्निप उगवलंय. सगळीकडे नाही. पहिल्या कमानीपासून तिसरीपर्यंत, ओळीत. ओळीत कसं उगवेल? बी पडून राहिलं असेल. वरची माती तर सगळी माझ्या वाफ्यात आली. तिथे काहीच उगवलं नाही, मिरचीसुद्धा पिवळी पडलीय.

मिठाचं कडक पाणी करून ओतलं. चार दिवसांनी परत कोंब. परत ओतलं. चेंडू अडतो म्हणून म्हातारे कुरकुरतात, पण उपटायला एकाचाही हात पुढे होत नाही. मी उपटते. वास जात नाही.

२० जून

छप्पर झालं. शौचालय झालं. आज उद्घाटन. निळे पत्रे, फिती, डुकराचं मांस, भाताची दारू. पलीकडच्या गावालाही बोलावलं होतं, दिसू दे त्यांना.

साहेब नवे आलेत, त्यांचं भाषण झालं. मग म्हणाले, तालुक्यात सगळ्या मैदानांचे हजेरीपट तपासले, वर्षभरात एकही खाडा नसलेली एकच खेळाडू निघाली. तिचा सत्कार. प्योच्या हातात कागद होता. तो पांढरा पडला, पण वाचलं त्याने. वाचावंच लागलं.

"दहा नंबर. चोई कुत्सून."

टाळ्या वाजायला लागल्या आणि थांबल्या. आमचे नऊजण बुटांकडे बघत होते. साहेब हसून इकडेतिकडे बघत होते. "कुठे आहेत आजी? या, या. लाजू नका."

कुणीतरी उठायलाच हवं होतं. छप्पर परत घेऊन गेले असते ते. खुंटीवरचं दहा नंबरचं जाकीट मी अंगात घातलं आणि पुढे गेले. बंद पुरले नाहीत, ती बारीक होती. कमरेत वाकून दोन्ही हातांनी सन्मानपत्र घेतलं. वर टॉवेलांचा जोड.

"तब्येत छान राखलीत, आजी," साहेब म्हणाले.

मागून मा ओरडला, "राखणारच! वर्षभरात एकदासुद्धा मेली नाही!"

पलीकडचे सगळे खो खो हसले. साहेबही हसले, त्यांना वाटलं गावची गंमत. मी पण हसले. नाही हसून करते काय?

मग दाखवण्याचा खेळ. पहिला फटका एक नंबरचा, म्हणजे ह्यांचा. कमान समोर, सगळी माणसं बघतायत. ह्यांनी पाठ फिरवली. कमानीकडे पाठ करून चेंडू उलटा मारला, बरोबर रेषेबाहेर, जुन्या बांधाच्या जागेवर. हातोडा खाली ठेवला, तिथे जाऊन उकिडवे बसले आणि रेती उकरायला लागले.

मी दात-ओठ खाऊन हळूच म्हटलं, "अहो, लोक बघतायत. खेळात या."

"एक नंबर बाहेर," ते म्हणाले. मान वर न करता.

दारू चढली असणार. सकाळपासून पीत होते. प्यायले नव्हते म्हणा, मी बघितलंय, पेला भरलेलाच होता.

सन्मानपत्र सभागृहात लावलं. टॉवेल घरी आणले. चांगले जाड आहेत. काठावर लाल धाग्याने तिचं नाव भरलंय, चुकलेलं. मघाशी हात धुतले आणि त्यालाच पुसले. पाच ओळी केव्हाच झाल्या. हे अजून आलेले नाहीत.